ईस्टरची सुटी आणि राजीमची छोटी गाडी

नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि रायपूरच्या कचेऱ्या-शाळांतून इंग्रजी पंचांग आले. गुड फ्रायडे-ईस्टरची सुटी ही त्याचीच देणगी. आमचा त्या सणाशी संबंध नव्हता. सुटीशी मात्र घनिष्ठ होता.

राजीमला मराठी मंडळी पूर्वीही जात, पण ती यात्रा असे. माघी पौर्णिमेची, बैलगाडीची, मुक्कामाची. बंगाल-नागपूर रेल्वेने धमतरीची अडीच फुटी लाइन व अभनपूरहून राजीमचा फाटा घातला आणि यात्रेची सहल झाली. नवस वा कुळाचार यांखेरीज ज्या सुनांना उंबरठा ओलांडता येत नसे, त्यांना आता तिकीट पुरेसे झाले. देवदर्शनाचे निमित्त सोबतीला होतेच!

आमच्या लहानपणी तेलीबांध्याला मामांचे कुटुंब चढे, तोच दशम्यांचा डबा उघडे. इंजिनाची राख डोळ्यांत जाई. महानदी, पैरी व सोंढूर यांच्या संगमात त्या दिवसांत वाळूच अधिक. पावसाळ्यात पाण्याने वेढलेले कुलेश्वर चालत गाठता येई. कलिंगडे वाळूतच फुटत. वडील राजीवलोचन मंदिरातील ११४५ चा जगपालाचा शिलालेख दाखवीत. आई व मामी मात्र पाण्यात पाय सोडून, कोणी हाक मारीपर्यंत, बसून राहत.

पुढे शहरातील रूळ निघाले, त्या जागी एक्स्प्रेस वे झाला. सप्टेंबर २०२५ पासून राजीमला रुंद मार्गाची गाडी पुन्हा जाते, मंदिर हसौदवरून. तेलीबांधा तिच्या वाटेत नाही.