इमेज-बांधणी, स्वयंचलित

व्हर्च्युअल मशीनची सिस्टिम इमेज म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्यावरची पॅकेजेस आणि सेटिंग यांसह वापरायला तयार असलेली डिस्क एका फाइलीत साठवलेली. व्हीएमवेअरसाठी व्हीएमडीके, अ‍ॅझ्युअरसाठी व्हीएचडी, क्यूएमयूसाठी क्यूकाऊ-२ अशी तिची रूपे असतात. ही फाइल लेखी कृतीवरून प्रोग्रॅमकडून तयार करवून घेणे म्हणजे स्वयंचलित इमेज-बांधणी. या पद्धतीचे समर्थन सहसा वाचणाऱ्या वेळावरून केले जाते. तिचा मोठा लाभ मात्र वेगळा आहे : मशीनमध्ये काय घातले, याची तपासता येणारी नोंद मागे राहते. म्हणून जपायची ती कृती. इमेज केव्हाही पुन्हा बांधता येते.

ही कल्पना जुनी आहे. लिनक्सच्या विनाहस्तक्षेप स्थापनेसाठी कोलोन विद्यापीठात सुरू झालेले ‘फाय’ हे साधन 1999 पासूनचे. डेबियनच्या अधिकृत क्लाउड इमेज त्यावरच बांधल्या जातात. 2013 मध्ये हॅशिकॉर्पचे पॅकर हे साधन आले. पॅकर एक तात्पुरते मशीन इन्स्टॉलेशन डिस्कवरून सुरू करते आणि कळा दाबल्यासारख्या आज्ञा पाठवते. इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरे डेबियनमध्ये प्रीसीड, तर रेड हॅटमध्ये किकस्टार्ट फाइल देते. मग एसएसएचने आत शिरून शेल स्क्रिप्ट किंवा अ‍ॅन्सिबल चालवले जाते, मशीन बंद होते आणि डिस्क हव्या त्या रूपात बाहेर काढली जाते. त्याआधी एसएसएचच्या होस्ट-किल्ल्या आणि मशीन-आयडी पुसावे लागतात, नाहीतर प्रत्येक प्रत एकच ओळख घेऊन जन्मते. हाताने केलेल्या कामात अशी पायरी सहज विसरली जाते आणि विसरल्याचा मागही उरत नाही. कृतीत ती नसेल तर वाचणाऱ्याला दिसते.

या पद्धतीवरचा पहिला आक्षेप असा, की तीच कृती सहा महिन्यांनी चालवली तर वेगळी इमेज निघते, कारण दरम्यान पॅकेजेस बदलतात. हे खरे आहे. पण पॅकेजेसच्या आवृत्त्या पक्क्या करून ठेवता येतात आणि डेबियनचा स्नॅपशॉट संग्रह जुनी पॅकेजेस पुरवतो. दुसरा आक्षेप : चालू मशीनच दुरुस्त का करू नयेत? तातडीच्या वेळी करावीतच. मात्र अशा दुरुस्त्यांनी प्रत्येक मशीनचा इतिहास निराळा होत जातो. नवी इमेज आधी तपासता येते, आणि बिघडली तर जुन्या इमेजकडे परतता येते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : एक चूक सर्व प्रतींत पसरते. 2024 मध्ये कुबरनेटीस इमेज बिल्डर या साधनाने प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीसाठी बांधलेल्या इमेजमध्ये बांधणीपुरते असायला हवे असलेले खाते ठरावीक पासवर्डसह तसेच राहिल्याचे उघड झाले; या दोषाची तीव्रता 10 पैकी 9.8 ठरली. परंतु कृती खुली असल्याने दोषाची नेमकी जागा सापडली. 0.1.38 आवृत्तीत पासवर्ड यादृच्छिक झाला आणि बांधणी संपताच खाते बंद होऊ लागले. आधीच्या इमेज नव्याने बांधणे हा उपाय सांगितला गेला. ज्यांच्याकडे कृती होती, त्यांना तो करता आला. ज्या इमेजची कृती हाती नाही, ती महत्त्वाच्या कामासाठी वापरू नये.