आघात नोंदवावा की ध्वनी? इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या घरगुती मुद्रणामागचा इतिहास

दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्राममधील एखाद्या सदनिकेत इलेक्ट्रॉनिक ड्रमसंच आला की मुद्रणाच्या वेळी एक निवड करावीच लागते. संचाच्या मोड्यूलमधून बाहेर पडण्याच्या दोन वाटा असतात. एका वाटेने तयार ध्वनी बाहेर येतो. दुसऱ्या वाटेने ध्वनी येतच नाही. कोणत्या पॅडवर, केव्हा आणि किती जोराने आघात झाला, एवढीच माहिती येते. पहिली वाट ऑडिओची, दुसरी मिडीची. हा प्रश्न वरवर उपकरणापुरता दिसतो. परंतु वादनाची नोंद ठेवायची ती वादकाच्या कृतीची की श्रोत्याच्या कानी पडणाऱ्या ध्वनीची, हा विचार विजेच्या वाद्यांहून पुष्कळ जुना आहे, आणि त्यातील दोन टप्पे दिल्लीशी निगडित आहेत.

तबल्याच्या दिल्ली घराण्याची परंपरा अठराव्या शतकातील सिद्धार खाँ यांच्यापासून सांगितली जाते. तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांचा, चाटेवरील नेटक्या आघातांचा हा बाज. त्यातील पेशकार आणि कायदे पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते बोलांच्या आधाराने. ‘धा’ म्हटले की उजव्या हाताचा आघात आणि डाव्या हाताचा घुमारा एकाच क्षणी हवा, हे शिष्याला कळते. बोल ध्वनीची आठवण करून देतो खरा, पण त्याचे मुख्य काम हाताला आज्ञा देण्याचे. ती आज्ञा उलगडण्यासाठी समोर तबला आणि तालीम घेतलेला हात असावा लागतो.

दुसरा टप्पा विसाव्या शतकातला. मुंबईचे वकील पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये बडोद्यात अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिचे दुसरे अधिवेशन १९१८ मध्ये दिल्लीत झाले. घराण्यांच्या कंठात राहिलेल्या बंदिशी भातखंडे यांनी स्वरलिपीत उतरवल्या. सम, टाळी, खाली आणि मात्रा यांच्या खुणा निश्चित केल्या. शेकडो रचना त्यामुळे सर्वांसाठी खुल्या झाल्या. आक्षेपही तेव्हापासूनचाच आहे : मींड, गमक आणि स्वराचा लगाव कागदावर पुरता उतरत नाही. कृतीची नोंद सुटसुटीत असते, कारण ती बरेच काही गाळते.

तोवर नोंदीची दुसरी रीतही भारतात पोहोचली होती. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन ग्रामोफोनसाठी मुद्रित झाले. तबकडी ऐकण्यासाठी तालीम लागत नव्हती. मात्र गायन आणि साथ एकाच खोबणीत कोरली जात असल्याने नंतर तबला थोडा वाढवावा म्हटले तरी ते शक्य नव्हते.

ध्वनीच्या नोंदीत कृतीपेक्षा अधिक काय असते, याचे उत्तर विज्ञानाने दिले. साध्या गोल पडद्याच्या कंपनांची वारंवारता १ : १.५९ : २.१४ अशा बेसूर प्रमाणात वाढते. म्हणून सामान्य ढोलातून स्पष्ट स्वर निघत नाही. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की भारतीय तालवाद्यांत मधल्या शाईचा भार ही प्रमाणे पूर्णांकांच्या जवळ आणतो. १९३४ च्या लेखात रामन यांनी त्याचे सविस्तर विवेचन केले : पडद्याच्या पहिल्या नऊ कंपनप्रकारांतून पाचच सुरेल स्वरांश तयार होतात. आघात कोठे झाला आणि बोट कोठे टेकले होते, यावर त्यांतील कोणता उमटेल हे ठरते. ‘ना’ हे एक अक्षर हे सारे सूचित करते, पण साठवत नाही.

इलेक्ट्रॉनिक ड्रमने या दोन्ही रीती एका पेटीत आणल्या. पॅडखालच्या स्फटिकावर दाब पडला की वीज निर्माण होते. हा गुणधर्म प्येर आणि जाक क्युरी यांनी १८८० मध्ये दाखवला होता. १९८० मध्ये रॉजर लिन यांच्या एलएम-१ यंत्राने खऱ्या ड्रमचे नमुने साठवून वाजवले, १९८१ मध्ये सिमन्सचे षटकोनी पॅड आले, आणि १९८३ मध्ये मिडी मानक प्रसिद्ध झाले. मिडीत एक आघात अवघ्या ३ बाइटांत मावतो. जोरासाठी ७ बिटांची मोजपट्टी असते. शून्य म्हणजे बंद, म्हणून प्रत्यक्षात १२७ पायऱ्या. मिनिटाला ६०० आघात धरले, तर त्यांच्या सुरुवात-शेवटाच्या नोंदींना ३,६०० बाइट पुरतात. सीडीच्या दर्जाच्या एका मिनिटाच्या स्टिरिओ ध्वनीला एक कोटीहून अधिक बाइट लागतात. या प्रचंड फरकात वाद्याचा सारा नाद सामावलेला आहे.

तो नाद किती मोलाचा असतो, याचे उदाहरण मुंबईचे. चरणजितसिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडच्या टीआर-८०८ या तालयंत्राच्या साथीने दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. तेव्हा मिडी नव्हते. उरला तो ध्वनी. २०१० च्या पुनर्प्रकाशनानंतर जगभरच्या श्रोत्यांनी जे ऐकले, त्यात त्या यंत्राचा आवाज जसाच्या तसा होता. केवळ आघातांची यादी उरली असती, तर ती कोणत्या यंत्रावर वाजवायची हे वेगळे शोधावे लागले असते.

आता पुन्हा सदनिकेकडे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खरा ड्रमसंच ती सहज ओलांडतो. म्हणून दाटीच्या वस्तीत हेडफोन लावून वाजवता येणारा संच येतो. (पेडलचा धक्का मात्र स्लॅबमधून खाली जातोच, त्यासाठी जाड रबर किंवा फोमचा थर लागतो.) अशा घरात मुद्रण करताना फक्त स्टिरिओ ऑडिओ घेतला, तर १९०२ च्या तबकडीची अडचण परत येते : बास ड्रम आणि स्नेअर एकत्र मिसळतात, वेगळे करता येत नाहीत. फक्त मिडी घेतली, तर स्वरलिपीची अडचण येते : ३८ हा आकडा स्नेअरचा हे प्रमाणित असले, तरी तो स्नेअर कसा वाजावा हे दुसरे सॉफ्टवेअर आपल्या पद्धतीने ठरवते; हाय-हॅटच्या पेडलची अर्धवट उघडझाप तर अनेकदा बिघडते.

वेळेचाही प्रश्न आहे. संगणकातील सॉफ्टवेअरचा आवाज ऐकत वाजवल्यास, ४८,००० नमुन्यांच्या गतीला २५६ नमुन्यांचा बफर एकटाच सुमारे ५.३ मिलिसेकंद उशीर करतो. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून सुमारे १.८ मीटर जातो. इतका उशीर खपतो; पण त्यात इतर टप्प्यांचे विलंब मिळाले की हात लय सोडू लागतो. म्हणून मोड्यूलचाच आवाज हेडफोनवर ऐकावा आणि त्याच वेळी ऑडिओ व मिडी दोन्ही मुद्रित करावे, हा मार्ग सर्वांत सुरक्षित. मिडीची भर नगण्य जागा घेते आणि चुकलेला आघात नंतर सुधारू देते. ऑडिओ त्या दिवशीचा नाद राखतो.

२०२० च्या मिडी २.० मानकाने जोराची मोजपट्टी ७ बिटांवरून १६ बिटांवर नेली, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. पायऱ्या बारीक झाल्या तरी ती नोंद आघाताचीच राहते. डग्ग्यावर तळहात सरकवून काढलेली मींड आघातानंतर घडते. ती टिपायला वेगळी संवेदके लागतात किंवा सरळ मायक्रोफोन. दिल्लीच्या उस्तादांनी शिष्याला बोलही पढवले आणि समोर बसवून ऐकवलेही; घरगुती मुद्रणातही एका नोंदीने दुसरीची जागा भरून निघत नाही.