यादीतून गळालेली नावे

मंडळाच्या गणपतीत हळदीकुंकवाला उखाणे रंगतात. नवऱ्याचे नाव सरळ घ्यायचे नाही म्हणून आपल्याकडे केवढी काव्यनिर्मिती झाली! पण १९५१ साली आपल्याच भागातल्या लाखो बायांना स्वतःचे नावही परक्या माणसासमोर घेता आले नाही. त्याची किंमत काय पडली, ते आम्हांला निवडणुकीच्या ड्यूटीवर जाऊ लागल्यावर नीट कळले.

पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन मार्च १९५० मध्ये नेमले गेले. आय.सी.एस. अधिकारी, मूळ विषय गणित. समोर १७ कोटींहून अधिक मतदार, आणि १९५१ च्या जनगणनेप्रमाणे साक्षर शंभरात जेमतेम अठरा. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर चिन्ह: बैलजोडी, झोपडी, झाड, पणती. मतपत्रिका नाशिकच्या छापखान्यात छापल्या, तर लोखंडी पेट्यांपैकी बारा लाखांहून अधिक विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातून निघाल्या. मत कसे द्यायचे हे शिकवायला चित्रपटगृहांत माहितीपट दाखवले, रेडिओवर भाषणे झाली, लुटुपुटूची मतदानेही झाली.

हे सगळे यादी झाल्यावरचे. खरी अडचण यादी करतानाच आली होती. कारकून दारात येऊन नाव विचारी आणि आतून उत्तर येई, "अमक्याची आई" किंवा "तमक्याची बायको". सेन यांनी स्पष्ट सांगितले की हे नाव नव्हे. मतदार म्हणजे स्वतंत्र व्यक्ती. नाव दुरुस्त करून घ्यायला काही ठिकाणी मुदतही वाढवून दिली. तरीही सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख यादीबाहेर राहिल्या. त्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि आपल्या मध्य भारतातल्या. मध्य भारत म्हणजे ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन, आपलेच अंगण.

सेन यांनी कठोरपणा केला असे म्हणणारे तेव्हाही होते. आमच्या मते ते बरोबर होते. "अण्णाची आई" असे लिहून घेतले असते, तर त्या नावावर कोणीही मत टाकून गेले असते आणि अडवायचे कशाच्या आधारावर?

आमच्या आजी लष्करमधल्या वाड्यात राहत. त्या सांगत, कारकून आला तेव्हा पणजींनी दाराआडूनच "धाकटी सून" एवढे सांगून त्याची बोळवण केली. ५२ साली घरातले पुरुष मत देऊन आले आणि आजींनी त्यांच्यासाठी चहा टाकला. पुढच्या खेपेला त्या स्वतः दारात गेल्या. तिथे वेगळाच घोटाळा: नाव कोणते सांगायचे, माहेरचे द्वारका की सासरचे रमा? सासरचे सांगितले. पणजी दोन दिवस बोलल्या नाहीत म्हणे.

मतदान केंद्रावर पहिला मतदान अधिकारी यादीतला क्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो. बाकावर बसलेले उमेदवारांचे एजंट आपापल्या यादीत खूण करतात. एखाद्याला माणूस खोटा वाटला तर दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो. चौकशी तिथेच होते. आमचे काम ते मोठ्याने वाचण्याचे. दिवसभरात घसा बसतो, पण एजंटांना ऐकू गेले नाही तर त्या बाकावर बसून त्यांनी राखण कशाची करायची?

मागच्या ड्यूटीला एका म्हाताऱ्या बाई आल्या. नाव विचारले तर पदरात पुटपुटल्या. एजंट म्हणाला, ऐकू आले नाही. बाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा आमच्याकडे पाहिले आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःचे नाव सांगितले. आम्ही तेवढ्याच मोठ्याने ते वाचले.