‘चोक’ शब्दाचा अर्थविस्तार आणि पेट्रोल-एंजिनाचे निदान

पेट्रोल-एंजिनात हवा व इंधन यांचे वजनी प्रमाण सुमारे १४.७ : १ असले म्हणजे इंधनाच्या पूर्ण ज्वलनास पुरेल इतकीच हवा मिळते. हवा याहून कमी पडली की मिश्रणात पेट्रोलचे आधिक्य होते. कारागीर यास ‘मिक्श्चर रिच’ म्हणतात. काळा धूर, प्लगावर कोरडी काजळी, पेट्रोलचा उग्र वास आणि वाढलेला खप ही त्याची लक्षणे होत. या दोषाच्या निदानाचा इतिहास जितका यंत्राचा, तितकाच शब्दांचाही आहे. परभणी जिल्ह्याच्या संदर्भात तो तपासून पाहणे उद्बोधक ठरते.

हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात १९३२ साली रेल्वे खात्याच्या मार्ग-परिवहन विभागाने २७ बसगाड्यांनिशी सार्वजनिक मोटार-वाहतूक सुरू केली. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठासाठी शास्त्रीय विषयांची उर्दू परिभाषाही घडविली गेली. परंतु आज मोटारीच्या कामात रूढ असलेले चोक, जेट, फ्लोट, प्लग हे शब्द या परिभाषेतले नव्हेत. ते इंग्रजी आहेत. कारागिरास लावला जाणारा ‘मिस्त्री’ हा शब्द मूळचा पोर्तुगीज. यावरून असे दिसते की हत्यार ज्या हातांतून येते, त्या हातांचीच भाषा त्यासोबत येते. परिभाषा-मंडळाचे काम त्यानंतर सुरू होते.

या शब्दांपैकी ‘चोक’ विशेष विचारार्ह आहे. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ गळा आवळणे. कार्ब्युरेटरात हवेच्या मार्गावरील झडप मिटवून थंड एंजिनास अधिक पेट्रोल देणारी योजना, हा त्याचा यांत्रिक अर्थ. मराठीत मात्र नळ वा गटार तुंबले की ते ‘चोकअप’ झाले असे म्हणतात. परिणामी एकाच शब्दात परस्परविरुद्ध दोष सामावले गेले. ‘चोक अडकला’ म्हणजे झडप मिटलेलीच राहिली. मिश्रण रिच झाले. ‘जेट चोक झाला’ म्हणजे पेट्रोलची वाट बुजली. मिश्रण उलट पातळ झाले. ‘फिल्टर चोक झाला’ म्हणजे हवेची वाट बुजली; कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण पुन्हा रिच झाले. गिऱ्हाइकाने केवळ ‘चोक आहे’ एवढेच सांगितल्यास उपचार नेमका उलट होण्याचा संभव राहतो.

म्हणूनच अनुभवी कारागिराने शब्दापेक्षा लक्षणावर भर दिला. प्लगावरील काजळी कोरडी असेल तर दोष मिश्रणाचा. तेलकट असून धूर निळा असेल तर एंजिन ऑइल जळत आहे. तापलेल्या एंजिनाच्या हवामुखावर तळहात किंचित आडवा धरावा. चाल सुधारली तर मिश्रण पातळ होते, अधिक बिघडली तर ते आधीच रिच होते. त्यानंतर चोक पूर्ण उघडतो काय, फ्लोटची सुई पेट्रोल रोखते काय, फिल्टर काढल्यावर फरक पडतो काय, असा क्रम लागतो. साध्या कारणाकडून कठीण कारणाकडे जाणारी ही पद्धती होय.

१९७६ साली बॉश कंपनीचा प्राणवायू-संवेदक प्रथम व्होल्व्होच्या मोटारींत आला. पुढे भारतातही इंधन-अंतःक्षेपणाच्या गाड्या आल्या आणि कार्ब्युरेटर मागे पडला. आता संगणक ‘पी ०१७२’ असा संकेत देऊन मिश्रण रिच असल्याचे कळवितो. तथापि संकेत दोषाचे नाव सांगतो, कारण सांगत नाही. गळका इंजेक्टर, वाढलेला इंधनदाब वा एंजिन थंडच असल्याचे भासविणारा तापमान-संवेदक, यांतील अपराधी कोण हे माणसासच शोधावे लागते. येथे हवेचे मोजमाप संगणकच करीत असल्याने, तुंबलेला फिल्टर पूर्वीसारखा मिश्रण रिच करीत नाही. जुन्या निदानाची एक पायरी त्यामुळे निरुपयोगी झाली.

चोकची झडप नव्या मोटारींतून गेली, ‘चोक’ शब्द मात्र राहिला. तंत्रशिक्षणाच्या मराठी पाठ्यपुस्तकांनी केवळ पर्यायी शब्द सुचवून थांबू नये. कोणत्या वाक्यात तो कोणता दोष सांगतो, हेही नोंदवावे. अन्यथा शब्दाच्या अर्थाची गुंतागुंत यंत्राच्या दुरुस्तीत उतरेल आणि तिचा भुर्दंड गाडीच्या मालकास सोसावा लागेल.