धातूचा थकवा आणि कोपऱ्याची गोलाई

८ मे १८४२. व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या पुढच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल मोडला. मागचे डबे त्यावर चढले, आग भडकली आणि ५०हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. रोजचाच भार वाहणारा अ‍ॅक्सल अचानक का मोडावा? सततच्या हादऱ्यांनी लोखंड ‘स्फटिकमय’ होऊन ठिसूळ बनते, असा तेव्हाचा समज होता.

१८४३ मध्ये तरुण स्कॉटिश अभियंते विल्यम रँकिन यांनी वेगळे कारण मांडले. अ‍ॅक्सलची जाडी जेथे एकदम बदलते, त्या काटकोनी खाचेत चीर जन्मते आणि हळूहळू आत सरकते. तेथे गोलाई द्यावी, हा त्यांचा उपाय होता. पुढे जर्मनीत आउगुस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून १८७० पर्यंत दाखवून दिले, की एकदा दिल्यास निरुपद्रवी ठरणारा ताण लक्षावधी वेळा दिल्यास धातू तुटतो. हाच धातूचा थकवा.

अ‍ॅक्सलचा हा धडा वाहनाच्या सांगाड्यालाही लागू होता. त्याची किंमत १९५४ मध्ये कळली. जानेवारी व एप्रिलमध्ये दोन ‘कॉमेट’ जेट विमाने भूमध्य समुद्रावर फुटली. ५६ जण दगावले. फार्नबरो येथे एक कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून आतील दाब पुन्हापुन्हा चढवला-उतरवला, तेव्हा खिडकीच्या कोपऱ्यापासून पत्रा फाटला. नंतरच्या कॉमेटमध्ये पत्रा जाड झाला आणि खिडक्या गोलाकार.

त्याच सुमारास, २ ऑक्टोबर १९५५ रोजी, पेरांबूरच्या ‘इंटिग्रल कोच फॅक्टरी’चे उद्‌घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. नावातील ‘इंटिग्रल’ला अर्थ आहे. पूर्वी डब्याचा भार मुख्यतः खालची चौकट पेलत असे. आता भिंती, छप्पर आणि चौकट एकजीव होऊन तो वाटून घेऊ लागल्या. डबा हलका व मजबूत झाला. पण भिंती भार वाहू लागताच दारे-खिडक्यांचे कोपरे आणि वेल्डिंगचे सांधे थकव्याची ठिकाणे ठरली.

येथे अधिक ताकदीचे पोलाद फारसे उपयोगी पडत नाही, कारण वेल्ड केलेल्या सांध्याची थकवा सोसण्याची क्षमता पोलादाच्या ताकदीबरोबर फारशी वाढत नाही. उपाय आराखड्यातच शोधावा लागतो : कोपऱ्याला मोठी त्रिज्या, जाडीत क्रमशः बदल, सांधा कमी ताणाच्या जागी. रँकिन यांच्या गोलाईचाच हा विस्तार आहे.