ओडेसा कलेक्टिव्ह

केरळमधील चित्रपटरसिकांचा गट. दिग्दर्शक जॉन एब्रहम (१९३७–८७) आणि त्याच्या मित्रांनी १९८४ मध्ये कोझिकोड येथे स्थापन केला. जॉन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा विद्यार्थी; मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’वर त्याने सहायक म्हणून काम केले. त्याच्या ‘अग्रहारत्तिल कळुदै’ (१९७७) या तमिळ चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, प्रेक्षक मात्र फारसा मिळाला नाही. निर्माता आणि वितरक हे मधले दोन्ही दुवे वगळून थेट लोकांपर्यंत जायचे, असे गटाने ठरवले.

मग गावोगावी प्रोजेक्टर नेऊन चॅप्लिनच्या ‘द किड’सारखे चित्रपट दाखवायचे आणि जमलेल्यांपुढे झोळी फिरवायची, असा क्रम सुरू झाला. अशा किडुकमिडुक वर्गणीतून ‘अम्मा अरियान’ (१९८६) उभा राहिला. त्यात आत्महत्या केलेल्या हरी या तबलावादक तरुणाची बातमी त्याच्या आईला सांगायला पुरुषन नावाचा तरुण वायनाडहून कोचीकडे निघतो. वाटेत हरीचे मित्र एकेक करून सामील होतात. चित्रपटही असाच एकेक माणूस जोडत तयार झाला, हा योगायोग नसावा. तयार झाल्यावर तो पुन्हा गावांतूनच दाखवला गेला.

लोकवर्गणीचे दुसरे ठळक उदाहरण म्हणजे ‘मंथन’ (१९७६) हा चित्रपट. त्यासाठी गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले. पण त्यामागे सहकारी संघाची बांधीव यंत्रणा होती. ओडेसापाशी ती नव्हती. ३१ मे १९८७ रोजी जॉनचा अपघाती मृत्यू झाला. ‘अम्मा अरियान’ हाच त्याचा अखेरचा चित्रपट ठरला.