पाव इंच आणि सहा मिलिमीटर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. आजचा इतिहास लढाया-तहांचा नाहीये. तो ०.३५ मिलिमीटरचा आहे. हसू नका, शेवटपर्यंत थांबा.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. दिवसभर कोड लिहितो, चुकलं की मागे जातो, परत चालवतो. गेल्या वर्षी हॅम रेडिओचं वेड लागलं. हॅम म्हणजे हौशी रेडिओ. सरकारी परीक्षा द्यायची, लायसन्स घ्यायचं आणि स्वतःच्या सेटवरून जगाशी बोलायचं. लायसन्स येईपर्यंत निदान ऐकण्यापुरता रिसीव्हर तरी स्वतः बनवावा, असं ठरवलं.

गुलमंडीच्या मागे आमच्या ओळखीचे एक काका राहतात. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले, आता दुकान बंद आहे आणि नजर अधू झालीये. त्यांनी मला एक जुना गँग कंडेन्सर दिला. जुन्या रेडिओचं स्टेशनचं बटण फिरवलं की आत अर्धगोल पात्यांचा एक जुडगा दुसऱ्या जुडग्याच्या फटींमध्ये शिरतो, तो गँग. पात्यांमध्ये अर्धा मिलिमीटरसुद्धा हवा नसते, आणि कुठलं स्टेशन लागणार ते ठरतं पाती एकमेकांत किती शिरली यावर. काका म्हणाले, "सांभाळून वापर रे. माझ्याकडचा हा शेवटचाच आहे."

घरी आलो. गँगच्या शाफ्टवर मी ऑनलाइन मागवलेला ॲल्युमिनियमचा कपलर बसवायचा होता. बसेना. थोडासाच अडतोय, असं वाटलं. हातोडी घेतली. तीन ठोके दिले. कपलर तोंडाशी जरा चढला, पण आतून "खर्र" असा आवाज आला. शाफ्ट मागे सरकला होता आणि पाती एकमेकांना घासत होती. म्हणजे शॉर्ट. म्हणजे गँग मेला.

बाबा वाळूजला एका कंपनीत फिटर होते. १९८५ मध्ये बजाजचा प्लांट आला, त्यानंतर वाळूजचं जे रूप बदललं, त्यात उभी हयात गेलेल्या पिढीतले. त्यांनी एकच विचारलं, "मापलंस का आधी?" नव्हतं मापलं. त्यांनी व्हर्निअर काढला. शाफ्ट ६.३५ मिलिमीटर. कपलरचं भोक ६ मिलिमीटर.

मी म्हटलं, "मग कपलर गरम करून बसवू ना. बेअरिंग तसंच बसवतात की."

बाबा हसले आणि थेट गावच्या बैलगाडीवर गेले. पैठणकडच्या आमच्या गावात त्यांनी लहानपणी चाकाला धाव चढवताना पाहिलंय. धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. सुतार चाक तयार करायचा, लोहार धाव मुद्दाम चाकापेक्षा जराशी लहान करायचा. मग धाव जमिनीवर ठेवून भोवती गोवऱ्या रचायच्या आणि पेटवायच्या. लोखंड लाल झालं की दोन-तीन माणसांनी सांडशीने उचलून ती चाकावर टाकायची. लाकूड धुरायला लागायचं, आणि लगेच घागरीने पाणी. लोखंड आकसायचं आणि तुंब्यापासून पाट्यांपर्यंत सगळे आरे असे आवळायचं की खिळ्याची गरज राहायची नाही.

आता थोडं गणित, घाबरू नका. लोखंडाचा एक मीटर एका अंशाला साधारण १२ मायक्रॉन वाढतो. दीड मीटर व्यासाची धाव ५०० अंशांनी तापवली तर व्यास जवळपास ९ मिलिमीटर वाढतो. चाकाला तेवढं भरपूर झालं. आता माझा कपलर घ्या. ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट फुगतं, पण भोकच ६ मिलिमीटरचं! १०० अंशांनी तापवलं तर ते वाढेल फक्त १४ मायक्रॉन. मला हवे होते ३५०. म्हणजे आग तीच, नियम तोच, पण जे चाकाला जमतं ते कपलरला जमत नाही. बाबांच्या भाषेत, "ठोकून बसत नसतंय, तापवूनपण बसत नसतंय. माप चुकलं की चुकलं."

मग हे ०.३५ आलं कुठून? इथे खरा इतिहास सुरू होतो.

६.३५ मिलिमीटर म्हणजे बरोबर पाव इंच. रेडिओ जन्मला आणि वाढला तो इंचांच्या जगात. आपल्याकडे १९२१ मध्ये कोलकात्यात अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी हौशी रेडिओची सुरुवात केली, तेव्हा देश ब्रिटिशांचा होता आणि मापंही त्यांचीच. वजनमापांचा मेट्रिक कायदा झाला १९५६ मध्ये. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. १९५८ पासून किलो-मीटर टप्प्याटप्प्याने लागू झाले. शेर गेले, मैल गेले. पण रेडिओच्या बटणाचा शाफ्ट पाव इंचाचाच राहिला, कारण आधीची लाखो बटणं त्याच मापाची होती. माझ्या टेबलावर पाव इंचाचा जुना काळ आणि सहा मिलिमीटरचा नवा काळ समोरासमोर आले होते, आणि मी त्यांना हातोडीने जोडत होतो.

याच पाव इंची जगात या कामाची सर्वात मोठी परीक्षा झाली मुंबईत, १९४२ मध्ये. १९३९ ला महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओची लायसन्स बंद केली होती. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'ची हाक आली, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. तेव्हा २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला. ट्रान्समीटरच्या कामात मुंबईचे हौशी रेडिओवाले नरिमन प्रिंटर होते. शिकागो रेडिओ कंपनीचे नानक मोटवाने यांनीही मदत केली.

त्यांनी जाहीर केलेली तरंगलांबी होती ४२.३४ मीटर. ३०० ला ४२.३४ ने भागा. उत्तर येतं सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. आज भारतातल्या हॅमना मिळालेल्या ७ ते ७.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातच हे बसतं. मी जो रिसीव्हर बनवत होतो, तोही याच पट्ट्याचा! हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

पोलीस सिग्नलचा माग काढत होते, म्हणून सेट सतत हलवावा लागे. चौपाटीवरच्या 'सी व्ह्यू'पासून शेवटी गिरगावातल्या पारेखवाडीपर्यंत. जरा विचार करा. दर वेळी तारा सोडवायच्या, सेट गुपचूप न्यायचा, नव्या खोलीत पुन्हा जोडायचा आणि ठरल्या वेळी त्याच जागी आवाज आला पाहिजे. तिथे सैल बसलेला भाग चालणार नाही, कारण फ्रिक्वेन्सी सरकली की ऐकणारे हरवले. आणि कायमचा ठोकून बसवलेलाही चालणार नाही. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलीस आले. आपल्याच एका तंत्रज्ञाने जागा दाखवली, असं उषाताईंनी पुढे सांगितलं. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्यात. यंत्र जुळवणारा हात किती महत्त्वाचा आणि किती नाजूक दुवा असतो, हे या एका प्रसंगात दोन्ही बाजूंनी दिसतं.

स्वातंत्र्यानंतरही रेडिओचे भाग सहज मिळत नव्हते. त्यामुळे आपल्या हॅमची परंपरा जुळवाजुळवीचीच राहिली. हैदराबादच्या अशर फरहान यांनी २००३ च्या सुमारास 'बिटेक्स' नावाचा ट्रान्सीव्हर काढला, तो बाजारात सहज मिळणाऱ्या भागांतून. त्यातली एक कॉईल तर नळाच्या वॉशरवर गुंडाळायची! जगभरच्या हौशी लोकांनी तो बनवला.

आता माझ्या गँगचं काय झालं? बाबांनी आधी कपलर हळूच ओढून काढला. मग गँगच्या मागचा स्क्रू जरा जरा फिरवत शाफ्ट पुन्हा मधोमध आणला. घासणं थांबलं. कपलरच्या भोकात पाव इंची रीमर हाताने फिरवला, थेंबभर तेल टाकत, घाई न करता. वीस मिनिटं लागली. मग कपलर नुसत्या बोटाने सरकला आणि ग्रब स्क्रूने पक्का झाला. पण कडेचं एक पातं वाकलं ते वाकलंच. डायलच्या एका टोकाला स्टेशनं आजही जागेवर लागत नाहीत. इथे मागे जायला 'अनडू' नाही.

काकांना सांगायला दोन दिवस हिंमत होत नव्हती. शेवटी सेट घेऊनच गेलो. त्यांनी गँग कानाशी धरला, सावकाश फिरवला आणि वाकलेल्या पात्यापाशी बरोबर थांबले. "हातोडी मारलीस?" मी मान खाली घातली. मग ध्यानात आलं, त्यांना ती दिसणार नाही. म्हणून तोंडाने म्हटलं, "हो काका. चुकलो."

ते म्हणाले, "मीपण मारली होती. पहिल्या वर्षी." आणि हेडफोन मागितला.

त्या संध्याकाळी आम्ही तासभर ७ मेगाहर्ट्झ ऐकत बसलो.

तुमच्या घरात जुना रेडिओ असेल तर बटण ओढून बघा, खाली बहुतेक पाव इंचच निघेल. मापलंत की आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!